जिना, अभ्यासिका आणि कुलर : सामायिक इमारतींतील मोसमी आजारांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या पंधरवड्यात आलेल्या बहुतेक पत्रांतील काळजी एकच आहे. एका घरात खोकला सुरू झाला की आठवडाभरात त्याच मजल्यावरच्या चारही दारांमागून तो ऐकू येऊ लागतो. भारतात फ्लूचा जोर वर्षातून साधारण दोनदा वाढतो, जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर. त्यामुळे ही काळजी अवास्तव नाही. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मनीषनगरातील आमच्या फ्लॅट स्कीममध्ये ३२ सदनिका आहेत. साथ आली की आम्ही जिना आणि लिफ्ट दिवसातून तीनदा फिनाईलने पुसून घेतो आणि आठवड्यातून एकदा जंतुनाशक फवारतो. तरीही खोकला-ताप सगळीकडे पसरतोच. आमचे काय चुकते आहे? (सचिव, गृहनिर्माण संस्था)

आपण मेहनत घेत आहात, पण ती फरशीवर खर्च होते आहे आणि आजार हवेतून येतो आहे. फ्लू, आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणूजन्य संसर्ग), करोना यांचे विषाणू मुख्यतः आजारी माणसाच्या श्वासातून, बोलण्यातून आणि खोकल्यातून बाहेर पडणाऱ्या कणांवाटे पसरतात. मोठे थेंब लवकर खाली बसतात. सूक्ष्म कण मात्र कोंदट जागेत बराच वेळ तरंगत राहतात आणि मागाहून तेथे येणाऱ्याच्या नाकात जातात. फ्लूचा विषाणू स्टील किंवा प्लास्टिकवर २४ ते ४८ तास टिकू शकतो. म्हणून लिफ्टची बटणे, कठडा आणि फाटकाची कडी दिवसातून एक-दोनदा पुसणे योग्यच आहे, परंतु फरशी तीनदा पुसल्याने विशेष काही साधत नाही. फवारणी तर बंदच करावी. बंद जागेत अशी सरसकट फवारणी करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच सांगितले होते. तिचा त्रास डोळ्यांना होतो आणि दम्याच्या रुग्णांना तर अधिकच होतो.

आता जिन्याकडे पाहा. मी ज्या इमारतीत राहतो तेथे प्रत्येक मजल्याच्या जिन्याला खिडकी होती, पण कबुतरे येतात म्हणून कोणी तरी सगळ्या झडपा तारेने आवळून ठेवल्या होत्या आणि त्यावर रंगाचे दोन हात बसले होते. आम्ही झडपा मोकळ्या करून बाहेरून जाळी लावली. त्यानंतर तळमजल्यावर उदबत्ती पेटवून धरली, तेव्हा आधी जागच्या जागी घुटमळणारा धूर सरळ वरच्या खिडकीकडे ओढला जाऊ लागला. हीच परीक्षा आपणही करून पाहावी. धूर जेथे कोंडतो, तेथे श्वासही कोंडतो. लिफ्टमधला पंखा चालू आहे का आणि त्याची जाळी धुळीने बुजलेली तर नाही ना, हेही तपासून घ्यावे. फिनाईलवरचा पैसा या दुरुस्त्यांकडे वळवावा, असे मी सभेत आवर्जून सांगेन.

प्रश्न : नंदनवन भागातील एका अभ्यासिकेत मी रोज दहा तास बसतो. साठ टेबले आहेत, दोन स्प्लिट एसी आहेत आणि सर्व खिडक्या कायम बंद असतात. एकाला सर्दी झाली की सगळ्यांना होते. मालक म्हणतात की एसीमुळे हवा शुद्ध होते. हे खरे आहे का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी)

हे खरे नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढतो, थंड करतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आणत नाही. त्याची साधी जाळी धूळ अडवते, विषाणूवाहक सूक्ष्म कण मात्र तिच्यातून बव्हंशी पार होतात. साठ माणसे दहा तास जी हवा सोडतात, तीच फिरून फिरून त्यांच्या वाट्याला येते.

याचे मोजमाप करता येते. कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे छोटे यंत्र बाजारात मिळते. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. खोलीत ते ८०० च्या आत राहिले तर हवा पुरेशी खेळती आहे, १००० च्या वर गेले तर ती अपुरी आहे, असे ढोबळ मानाने समजावे. आकडा २००० वर गेला, तर त्या खोलीतील प्रत्येकाच्या पंचवीस श्वासांपैकी साधारण एका श्वासाइतकी हवा दुसऱ्या कोणाच्या तरी फुफ्फुसांतून आलेली असते. दुपारी डोके जड होणे आणि वाचलेले लक्षात न राहणे यांमागे परीक्षेच्या ताणाखेरीज हेही एक कारण असू शकते.

आपल्या नागपूरचा जुना, खिडकीत बसवलेला कुलर या बाबतीत एसीपेक्षा सरस आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांमधून ओढून आत ढकलतो आणि समोरची खिडकी उघडी असेल तर आतली शिळी हवा तेवढ्याच वेगाने बाहेर जाते. मात्र तोच कुलर खोलीच्या आत ठेवून दारे-खिडक्या लावल्या, तर हा लाभ राहत नाही, शिवाय खोली दमट होते. एसी ठेवायचाच असेल तर मालकांनी एका भिंतीत छताजवळ एक्झॉस्ट फॅन बसवावा, समोरच्या बाजूची एक खिडकी चार बोटे उघडी ठेवावी आणि दर दोन तासांनी दहा मिनिटे सर्व खिडक्या उघडाव्यात. विजेचे बिल थोडे वाढेल. पण साठ मुले घरची जमीन-जुमला सांभाळणाऱ्या आई-वडिलांच्या पैशावर येथे अभ्यासाला आलेली असतात, आणि मुख्य परीक्षेच्या तोंडावर तापाने गेलेला आठवडा त्यांना कोणीही परत देऊ शकत नाही. हे होईपर्यंत आपण खिडकीजवळचे टेबल मागून घ्यावे आणि साथीच्या दिवसांत नाकाला नीट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. सर्दी झालेल्या मित्राने चार दिवस खोलीवर अभ्यास करावा, हा नियम तुम्ही मुलांनीच आपसात ठरवला तर तो अधिक पाळला जाईल.

प्रश्न : दोन खोल्यांच्या सदनिकेत आम्ही पाच जण राहतो. सासूबाई ७२ वर्षांच्या असून त्यांना मधुमेह आहे. मुलगा शाळेतून सर्दी-ताप घेऊन येतो. त्याला वेगळे कसे ठेवावे? (गृहिणी, प्रतापनगर)

ताई, फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवू लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो. त्यामुळे मुलाला खोकला आल्यावर केलेले वेगळेपण उपयोगी असले तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही. सासूबाईंना दरवर्षी फ्लूची लस द्यावी. विषाणूचे रूप बदलत असल्याने मागच्या वर्षीची लस पुरत नाही, आणि लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ती घेणे सोयीचे पडते. इंजेक्शनाच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. तिच्यामुळे फ्लू होत नाही.

मुलगा आजारी असेल तेव्हा नातवाने आजीजवळ झोपू नये. हे सांगणे किती जड जाते याची मला कल्पना आहे, पण पाच-सात रात्रींचाच प्रश्न असतो. मुलाच्या खोलीची खिडकी उघडी ठेवावी, टॉवेल वेगळा ठेवावा आणि त्याचे करून उठल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. औषधाशिवाय चोवीस तास ताप न आल्यावरच त्याला शाळेत पाठवावे. सासूबाईंना ताप आलाच, तर दोन-चार दिवस वाट न पाहता पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांकडे न्यावे, कारण फ्लूवरचे विषाणूरोधक औषध त्या मुदतीत सर्वाधिक परिणाम करते.

प्रश्न : चांदिपुरा विषाणू नागपूरचाच आहे म्हणतात. शेजाऱ्याकडून तो आम्हाला लागू शकतो का?

मुख्यतः लहान मुलांच्या मेंदूला सूज आणणाऱ्या या विषाणूचे नाव नागपूरजवळच्या चांदिपुरा गावावरून पडले. १९६५ मध्ये तेथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला, प्रथम सापडला. तो खोकल्यातून पसरत नाही. डासाहूनही बारीक असलेली वाळूमाशी तो पसरवते. भिंतींच्या भेगा बुजवाव्यात आणि लहान मुलांना मच्छरदाणीत झोपवावे. लहान मुलाला जोराचा ताप येऊन झटके आले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : आमच्या शेजारची सदनिका वर्षभर बंद असते आणि तिच्या बाल्कनीत जुना कुलर पडून आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावर तिघांना डेंग्यू झाला. महापालिकेने धुरळणी केली, ती पुरेशी नाही का? (ज्येष्ठ नागरिक, धरमपेठ)

धुरळणीने उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्या आणि अंडी तशीच राहतात. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात आणि ते फार लांब न जाता आसपासच्याच घरांत दिवसा चावतात. अंडी पाण्याच्या रेषेवर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून उन्हाळा संपल्यावर कुलरचे पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. टाकीच्या आतल्या भिंती ताठ ब्रशने घासाव्यात, जुन्या ताट्या फेकून द्याव्यात आणि कुलर पालथा किंवा झाकून ठेवावा. वापरात असताना तो आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडा करावा. शेजारच्या सदनिकेच्या मालकाला समितीने पत्र लिहून किल्ली मागून घ्यावी; एका कुलरमुळे पूर्ण मजला आजारी पडत असेल तर तो त्यांचा खासगी प्रश्न उरत नाही.

प्रश्न : आमच्या बाथरूमच्या जाळीतून उन्हाळ्यात खालच्या मजल्यांचा वास येतो. त्यातून विषाणूही येऊ शकतात का?

वास येतो याचा अर्थ जाळीखालच्या वाकलेल्या नळीतले पाणी आटले आहे. ते पाणी सांडपाण्याच्या पाइपातील हवा अडवण्यासाठीच असते. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या गृहसंकुलात ३०० हून अधिक रहिवाशांना सार्स या गंभीर श्वसनविकाराची लागण झाली, तेव्हा अशा कोरड्या नळ्या आणि बाथरूममधले एक्झॉस्ट फॅन हे प्रसाराचे एक मुख्य कारण ठरले होते. मोसमी सर्दी-तापाला इतके घाबरण्याचे कारण नाही, परंतु आपल्याकडच्या मे महिन्यात हे पाणी फार लवकर आटते आणि बंद सदनिकांत ते पुन्हा भरायला कोणी नसते. वरच्या प्रश्नातील समितीने कुलर घासण्यासाठी किल्ली मिळवली, तर त्याच फेरीत तेथील प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून यावे.