ताकदीची गोळी

‘मुलाला कधी सांगायचे?’ हा प्रश्न गेली कित्येक वर्षे माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे, की दार लोटून आत येणाऱ्या आजीच्या किंवा मामाच्या चेहऱ्यावरूनच तो मला ओळखू येतो. मूल जन्मापासून एचआयव्हीसह जगत असते, आई-वडील बहुधा हयात नसतात, आणि रोज रात्रीच्या गोळीला घरात काहीतरी खोटे नाव पडलेले असते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. पुण्यातल्या आमच्या संस्थेत मी स्वयंसेवक म्हणून आले, तेव्हाच्या नोंदवह्या अजून कपाटात आहेत. त्यांत नावाऐवजी क्रमांक, पत्त्याऐवजी नुसती पेठ, आणि शेवटी ‘पुढील भेट’ हा रकाना असे. मुलांच्या पानांवर तो बहुतेक ठिकाणी कोराच राहिला. शहरात तेव्हा काम होत नव्हते असे नाही. भोसरीची ‘नारी’ ही संशोधन संस्था १९९२ पासून होती, ‘प्रयास’ १९९४ पासून, आणि विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘मानव्य’ उभी केली होती. पण विषाणूला रोखणारी औषधे सामान्य घराच्या आवाक्यात नसल्याने आमचे काम मुख्यतः सोबतीचे होते : दाखल करून घेणारा दवाखाना शोधायचा, आणि वेळ आली की खांदा द्यायला चार माणसे जमवायची. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून ही औषधे (एआरटी) मोफत मिळू लागली आणि २००६ च्या अखेरीस मुलांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मुले जगू लागली, वाढू लागली, प्रश्न विचारू लागली. म्हणून नव्या समुपदेशकांना मी सांगते, की ‘कधी सांगायचे’ असे कोणी रडवेले होऊन विचारले, तर आधी मनातल्या मनात आनंद माना.

काही वर्षांपूर्वी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतून एक आजी नातवाला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्या एका खाणावळीसाठी भाकऱ्या करत. नातू तेरा वर्षांचा होता. इतकी वर्षे त्याच्या रक्तात विषाणू ‘आढळला नाही’ असाच अहवाल येई. या वेळी तो मिलिलिटरमागे १८,००० वर गेला होता. आजींनी पदराखालून बोरिक पावडरचा डबा काढून टेबलावर उपडा केला. कॅरमच्या त्या पांढऱ्या पावडरीत माखलेल्या बावीस गोळ्या होत्या.

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या, हे कबूल केले पाहिजे. मोबाइलचा गजर, भिंतीवरचे कॅलेंडर, रोजची खूण, असे सगळे शिस्तीचे उपाय मी सुचवले आणि मुलगा मान डोलावत राहिला. तिसऱ्या भेटीत, केवळ त्याने काहीतरी बोलावे म्हणून, मी कबड्डीचा विषय काढला.

“शाळेच्या संघात निवड झाली माझी,” तो खुलून म्हणाला.

“वा! मग गोळी का सोडलीस?”

“ताकदीची होती ना? आली ताकद.”

हे त्याने मला सोपे गणित समजावून सांगावे तसे सांगितले. मी हातातले पेन खाली ठेवले. ज्याला आम्ही सगळे बेशिस्त म्हणत होतो, तो मुलगा त्याला सांगितलेल्या गोष्टीशी पूर्ण प्रामाणिक राहिला होता. ताकदीची गोळी ताकद येईपर्यंतच घ्यायची असते. चूक त्याच्या वागण्यात नव्हती, आमच्या दिलेल्या नावात होती.

आजी मात्र ऐकेनात. “खरं कळलं तर जिवाचं काही करून घेईल तो, ताई.”

माणूस घटनेने जितका खचतो त्याहून अधिक त्या घटनेला त्याने लावलेल्या अर्थाने खचतो, या विवेकनिष्ठ विचाराच्या मुशीत मी घडले आहे. म्हणून मी विचारले, “आजी, या आजाराचं नाव ऐकलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?”

“लेक माझी. खाटेवर. पाण्याचा तांब्या उचलत नव्हता तिला.”

“आणि त्याच्या डोळ्यांपुढे काय येईल?”

त्या बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “त्यानं तर तिला तशी पाहिलीच नाही. तेव्हा मी त्याला माझ्या बहिणीकडं धाडला होता.”

एवढ्या वर्षांत अनेक पुस्तकांनी जे शिकवले नाही, ते या एका वाक्याने मला शिकवले. सांगण्याची भीती बहुतेकदा सांगणाऱ्याच्या आठवणीतली असते. ऐकणाऱ्याजवळ ते चित्रच नसते.

पुढच्या तीन भेटींत आम्ही थोडे थोडे सांगितले, आणि आजाराचे नाव आजींनी स्वतः उच्चारले. रोज घरात जो असतो, त्यानेच ते सांगावे असा माझा आग्रह असतो. समुपदेशकाने शेजारी बसावे. मुलाचा पहिला प्रश्न होता, “मॅचमध्ये खरचटलं तर?” घामाने किंवा पकडापकडीने हा विषाणू पसरत नाही, आणि रक्त आले तर बाहेर येऊन पट्टी बांधायची हे प्रत्येकच खेळाडूने करायचे असते, असे मी सांगितले. दुसरा प्रश्न बऱ्याच वेळाने आला, “आईला ही गोळी नव्हती?” उत्तर आजींनी दिले, “होती रे. आपणच उशिरा गेलो.”

पालकांना माझे सांगणे असे, की तेरा वर्षांपर्यंत थांबूच नका. शाळकरी वयातच, वाढत्या समजेनुसार, मुलाला खरे सांगावे असे जागतिक आरोग्य संघटनेचेही २०११ चे मार्गदर्शन आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या रक्तात एक जंतू आहे, ही गोळी त्याला झोपवून ठेवते, म्हणून ती रोज घ्यायची’ एवढे पुरते. त्यात एकही शब्द खोटा नाही, त्यामुळे पुढे काही मागे घ्यावे लागत नाही. शाळेला कळवण्याचे बंधन तुमच्यावर नाही, आणि कळलेच तर त्यावरून मुलाला नाकारता येत नाही. एचआयव्हीबाधितांशी भेदभावाला मनाई करणारा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. ‘कुणाला सांगशील तर बघ’ अशी शपथ मात्र घालू नका, कारण तिच्यातून मूल फक्त लाज शिकते. त्याऐवजी कोणाला सांगता येईल याची यादी मुलाबरोबर बसून करा. या मुलाच्या यादीत दोनच नावे निघाली, त्यांतले एक आजीचे.

सहा महिन्यांनी अहवालात पुन्हा ‘आढळला नाही’ आले. मी पुढची तारीख लिहायला वही उघडली, तेव्हा तो वाकून म्हणाला, “शनिवार नको हं, सराव असतो.”