आधी कण बघ

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद,

तुझा मेल दोनदा वाचला. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या सायनाइड डंपमधल्या (सोनं काढून उरलेल्या गाळाच्या ढिगातल्या) नमुन्यात रासायनिक तपासणी आर्सेनिक दाखवते, एक्सआरडीत (क्ष-किरणांनी खनिजं ओळखायच्या तपासणीत) मात्र क्वार्ट्झ आणि हॉर्नब्लेंड ही खनिजंच. आता कोणतं सॉफ्टवेअर वापरू, विचारतेस. कोणतंच नको. आधी कण बघ.

टक्का-दोन टक्क्यांखालचं खनिज एक्सआरडीला सहसा सापडत नाही. लोखंडाच्या गंजाला चिकटलेल्या आर्सेनिकचा तर वेगळा पीकच (आलेखावरचा उंचवटा) येत नाही. मग आलेखावर डोळे फोडून काय मिळणार? कण रेझिनमध्ये बसव, पॉलिश कर, सूक्ष्मदर्शकाखाली परावर्तित प्रकाशात बघ. (जड कण तळाशी बसतात, म्हणून ठोकळा उभा काप. हे कुणी सांगत नाही.) आर्सेनोपायराइट, म्हणजे लोखंड-आर्सेनिकचं सल्फाइड, पांढरंशुभ्र, बर्फीच्या आकाराचं दिसेल. त्याच्या कडेला गंजाची करडी किनार आहे का? सगळी गोम तिथे आहे. आर्सेनिक अजून सल्फाइडमध्येच असेल तर त्याला हवा लागू द्यायची नाही, ढीग पाण्याखाली राहिला तरी बरंच. ते गंजात गेलं असेल तर पाणी साचवणं अंगाशी येतं: प्राणवायू संपतो, गंज विरघळतो, आर्सेनिक सुटतं. आकडा एकच, उपाय उलटे. म्हणून म्हणतो, कण बघ.

माझंच सांगतो. खाण 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी नमुने आणले आणि 105 अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर वाळवले. जिप्समचं पाणी उडालं, त्याचं बॅसनाइट (कमी पाण्याचं वेगळं खनिज) झालं, आणि मी ते डंपमधलं खनिज म्हणून प्रबंधात लिहून मोकळा झालो. ओला चिमूटभर गाळ भिंगाखाली धरला असता तर जिप्समच्या सुया दिसल्या असत्या. पण एक्सआरडी यंत्राची तारीख दोन महिन्यांनी मिळे, तेव्हा सगळेच ओव्हनमध्ये वाळवत, परीक्षकांनीही विचारलं नाही. समर्थन करतोय, कळतंय मला. पण घाई माझी एकट्याची नव्हती.

तुझे गाइड आणखी दहा नमुने मागतात ना? द्यायचे तेव्हा दे. त्याआधी आहे त्या एकाचे दोन पॉलिश्ड सेक्शन कर. नमुना सावलीत वाळव, ओव्हनला हात लावू नकोस. आणि पुढच्या खेपेला शॉर्टवेव्ह अतिनील दिवा ने. त्या ढिगांत शीलाइट (टंगस्टनचं खनिज) आहे, अंधारात निळसर चमकतं. ते दिसलं की कळव, रात्री फोन केलास तरी चालेल.