वॅगनआर घाटात झुकते, तर स्प्रिंग बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२१ ची वॅगनआर एलएक्सआय, साठ हजाराच्या आसपास चाललेली. पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर करत चिपळूणला नेहमी जाणं. कुंभार्ली घाटात गाडी फार झुकते, मागे बसलेल्या आईंना मळमळतं, आणि हायवेवर शेजारून लक्झरी गेली की गाडी हलते. एक अॅक्सेसरीवाला म्हणतो लोअरिंग स्प्रिंग टाका, दुसरा म्हणतो स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवा. कुणाचं ऐकू?

सध्या तरी दोघांचंही नको. एक गाडी खाली आणायला सांगतोय, दुसरा वर उचलायला, आणि दोघांच्याही मते त्याने हँडलिंग सुधारणार आहे, यातच काय ते ओळखा.

माझी नोकरीची बरीच वर्षं चाकण भागात शॉकपच्या (शॉक अॅब्सॉर्बरच्या) टेस्टिंगमध्ये गेली. घरी हीच गाडी आहे, फक्त व्हीएक्सआय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करू: झुकणं वेगळं आणि पकड वेगळी. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वळण किती जोरात घेतलं, गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती आहे. स्प्रिंग किती कडक हे या हिशेबात जवळपास येतच नाही. कडक स्प्रिंग टाकली की गाडी कमी झुकते, चालवणाऱ्याला हुरूप येतो, पण बाहेरच्या टायरवर येणारा भार होता तेवढाच राहतो. तुमच्या गाडीची उंची १६७५ मिमी आणि रुंदी १६२० मिमी. रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली गाडी झुकणारच. आत बसायला-उतरायला जो आराम मिळतो, त्याचीच ही किंमत आहे.

बरं, लोअरिंगने गुरुत्वमध्य खाली येतो ना? येतो. तो साधारण सहाशे मिमीवर आहे असं धरलं, तर ३० मिमी खाली आणून विसावा हिस्सा फायदा. पण पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकप एकत्र असलेला खांब, आणि तिथे खरी मेख आहे. गाडी मूळ उंचीवर असताना लोअर आर्मचं (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं) चाकाकडचं टोक जरा खाली असतं. गाडी खाली बसवली की ते टोक वर जातं, आणि बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढलं म्हणजे गाडीला झुकवणारी तरफ लांब झाली. म्हणजे नव्या स्प्रिंगच्या कडकपणातला काही भाग ही वाढलेली तरफ भरून काढण्यातच जातो. शिवाय चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा कोन बिघडतो, मग खड्ड्यात चाक वर गेलं की ते थोडं वळतंही, आणि स्टिअरिंग हातात नाचतं. रेसवाले लोक यासाठी बॉल जॉइंटची (आर्म आणि चाक जोडणाऱ्या सांध्याची) जागाच बदलतात. अॅक्सेसरीवाला ते करून देणार नाही.

आणि चिपळूणहून परत येताना? गाडी रिकामी साधारण सव्वाआठशे किलोची. चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या धरल्या तर साडेतीनशे-चारशे किलोची भर, त्यातलाही बराचसा भाग मागच्या अॅक्सलवर. आधीच खाली आणलेली गाडी एवढ्या भाराने बंप स्टॉपला, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबली की आड येणाऱ्या रबराला, जाऊन टेकते. बंप स्टॉपवर टेकलेली गाडी म्हणजे स्प्रिंग नसलेलीच गाडी. घाटातल्या वळणावर एखादा खड्डा आला की मागचं चाक जमीन सोडतं.

म्हणून सुरुवात खिशाला झळ न लागणाऱ्या गोष्टीपासून करा, हवेपासून. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे दिलेले असतात. सकाळी टायर गार असताना स्वतःच्या गेजने बघा. पंपावर सरसकट एकच आकडा मारून देतात आणि तोही चालून तापलेल्या टायरवर. घरी एक डिजिटल गेज असू द्या, फार महाग येत नाही.

मग टायरवर तळहात फिरवा. हे खरंच करून बघा, डोळ्यांना दिसत नाही ते हाताला लागतं. आतून बाहेर फिरवताना गुळगुळीत आणि बाहेरून आत येताना करवतीसारखं लागलं, तर टो (चाकं समोरून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) चुकलाय, अलाइनमेंट गेलंय. टायरच्या घेरावर, म्हणजे गोल फिरवताना उंच-सखल लाटा लागल्या, तर बहुतेक वेळा शॉकप मेलेला असतो आणि चाक रस्त्यावर उड्या मारत चाललेलं असतं. बॅलन्सिंग बिघडलं तरी असं होतं, ते आधी करून घ्या.

त्यानंतर गाडी रॅम्पवर घ्या. मेकॅनिकला टॉमी (लोखंडी पहार) लावून लोअर आर्मचा मागचा मोठा बुश (सांध्यातलं रबर) हलवून दाखवायला सांगा, तुम्ही खाली उभं राहून बघा. रबर नुसतं हललं तर चालेल. पण बाजूने चीर पडून आतली नळी एका अंगाला सरकत असेल, तर ब्रेक मारल्यावर चाक मागे-पुढे जातंय आणि वळणावर टो बदलतोय. ‘गाडी वळणावर जरा उशिरा ऐकते’ अशी जी तक्रार असते तिचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, स्ट्रटच्या वरचं माउंट आणि मागच्या अॅक्सलचे दोन बुश हेही त्याच फेरीत बघून घ्या. मागच्या अॅक्सलचे बुश कुणी बघत नाही. ते सैल झाले की शेजारून लक्झरी गेल्यावर मागची बाजू एक हेलकावा जास्तच खाते. उंच गाडीला वारा लागणारच, पण हा जादा हेलकावा वाऱ्याचा नसतो.

शॉकपबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण विषय माझा आहे आणि इथेच लोक चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात. स्प्रिंग फक्त ऊर्जा साठवते आणि परत देते. ती जिरवण्याचं काम शॉकपचं: पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल ढकललं जातं आणि धक्क्याची उष्णता होते. स्प्रिंग दबताना तो जेवढा विरोध करतो, त्याहून जास्त ती उसळताना करतो, नाहीतर चाक खड्ड्यातून निघाल्यावर गाडी वर फेकली गेली असती. साठ हजार किलोमीटर आपल्या रस्त्यांवर झाल्यावर व्हॉल्व्ह सैल पडतात आणि सील झिजतात. अडचण अशी की हे हळूहळू होतं, त्यामुळे रोज चालवणाऱ्याला कळत नाही. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी चाचणी पूर्ण मेलेला शॉकप पकडते, अर्धमेला नाही. रॉडभोवती तेलाने ओली झालेली धूळ दिसली तर वाद नको, जोडी बदला. एकाच बाजूचा कधीच नको. नवा घेताना गॅस भरलेला घ्या. घाटात सतत काम करताना तेलाला फेस येतो, नायट्रोजनचा दाब तो रोखतो. कंपनीचा मूळ चालेल, केवायबी किंवा गॅब्रिएलचाही चालेल, फक्त तो तुमच्याच मॉडेलचा आणि बिल घेऊन.

स्ट्रट काढला की अलाइनमेंट पुन्हा करायचंच. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असल्यामुळे तिथे अॅडजस्ट करायला काही नाही, तरी मागचे आकडे मोजून घ्या. बीम कुठे आपटून वाकला असेल तर तेव्हाच कळतं.

इथवर आलात की गाडी नवी होती तशी होते. त्यापुढे एकच सुधारणा मी खुशाल सांगेन: टायर. एलएक्सआयला १५५/८० आर१३ येतो, म्हणजे रुंदी १५५ मिमी, टायरची भिंत त्याच्या ८० टक्के, म्हणजे १२४ मिमी उंच, आणि रिम १३ इंची. व्हीएक्सआयचा १६५/७० आर१४ त्याच्या १४ इंची रिमसह घेतला तर भिंत साडेआठ मिमीने कमी होते आणि टायर १० मिमीने रुंद. बाहेरचा व्यास दीड टक्क्यानेच वाढतो, स्पीडोमीटरला फारसा फरक पडत नाही. स्टिअरिंग फिरवल्यावर भिंत मुडपण्यात जो वेळ जातो तो कमी होतो, आणि गाडी लगेच वळते. साइझ याच मॉडेलचा, कंपनीने दिलेला, त्यामुळे चाक कुठे घासत नाही. इन्शुरन्सवाल्याला मात्र कळवून ठेवा. त्याहून पुढे जायचं तर १७५/६५ आर१४ पर्यंत ठीक, लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. १८५ वगैरेचा मोह टाळा. एक लिटरच्या इंजिनाला ते ओढायला लागतं, अॅव्हरेज पडतं आणि पाणी साचलेल्या रस्त्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. कोयनानगरकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको.

रबरी बफर आता थोडक्यात. ते स्प्रिंगच्या दोन वेढ्यांत अडकवतात, तेवढे वेढे काम करायचे थांबतात आणि उरलेल्यांवर ताण वाढतो. स्प्रिंग तिथूनच तुटलेली मी पाहिली आहे. गाडी उचलली जाते, म्हणजे गुरुत्वमध्य आणखी वर. कायम पाच माणसं आणि खालून घासणारा गावचा रस्ता असेल तर लोक का लावतात ते समजतं, पण वळणासाठी त्याचा उपयोग शून्य.

मागच्या अॅक्सलला जादा स्टॅबिलायझर बार (झुकणं कमी करणारा आडवा दांडा) लावा असंही कुणीतरी सुचवेल. त्याने पुढचं चाक बाहेर सरकणं कमी होतं हे खरं. पण ओल्या उतारावर वळणात घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू निसटू शकते, आणि तुमच्या गाडीत सावरायला ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही. कुटुंबाच्या गाडीला हे नको.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी वेगळी होईल असे बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. अपघातानंतर सर्व्हेअरला कापलेली स्प्रिंग दिसली तर क्लेमचं काय होईल याचा विचार करा.

राहिला आईंचा प्रश्न, आणि त्याचा स्प्रिंगशी संबंध सगळ्यात कमी. मळमळ होते ती फार सावकाश हेलकाव्यांनी, साधारण पाच सेकंदांत एक, या वेगाच्या. गाडीची स्प्रिंग सेकंदाला एकदा-दीडदा हलते, म्हणजे त्याहून कितीतरी जलद. पाच सेकंदांचा हेलकावा गाडीचा नसतो, तो घाटाचा आणि ड्रायव्हरच्या पायाचा असतो: वळण, ब्रेक, पुन्हा रेस, पुन्हा वळण. वेग वळणाआधीच उतरवा, वळणात ब्रेक नको, उतरताना दुसऱ्या गिअरवर राहा. आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवा. परतीला खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून आलात, तर तो संपल्यावर जे एस वळण येतं तिथे हे खास सांभाळा. तिथे उतारावर गाडी आपोआप पळते आणि लोक वळणात शिरून मग ब्रेक दाबतात.

हवा, रॅम्पवरची तपासणी आणि अलाइनमेंट एवढं या आठवड्यात उरकून टाका. अलाइनमेंटची चिठ्ठी मिळाली की चारही चाकांचे टो आणि कॅम्बरचे (चाकाच्या उभ्या कलाचे) आकडे, दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही लिहा. शॉकप आत्ता बदलायचे की टायर, हे ते बघून सांगतो.