लेबर रूमचं रजिस्टर वाचायचं कुणी?

बाळंतपणाच्या नोंदी या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. मी कोल्हापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. जागेअभावी प्रश्न थोडक्यात घेतले आहेत.

एका बाळंतपणामागे आम्ही केसपेपर, रजिस्टर, पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा तक्ता), माता-बाल सुरक्षा कार्ड आणि वर पोर्टल, इतक्या ठिकाणी लिहितो. हे सगळं वाचतं कोण? तोच वेळ पेशंटला दिला तर बरं नाही का?
(स्टाफ नर्स, भुदरगड तालुका)

सिस्टर, तुमचा राग रास्त आहे. कुणी वाचणारच नसेल तर लिहून घेणाऱ्याने तुमचे श्रम वाया घालवले असंच म्हणावं लागेल. तरी एक विनंती आहे. लिहिणं कमी करायला सांगण्याआधी आपलंच रजिस्टर एकदा सलग वाचून पाहा.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात कामाला होते. एका रविवारी ड्यूटीवर निवांतपणा मिळाला म्हणून वर्षभराचं रजिस्टर उघडलं आणि फक्त वजनाच्या रकान्यावरून बोट फिरवत गेले. २.५, ३, २.५, २.८, २.५, २.५. पानं उलटत गेले, पण कुठे २.४ नाही की २.३५ नाही. बाळं काही अशी ठोकळ वजनं घेऊन जन्माला येत नाहीत. विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. वजनकाटा जुना, तबकडीचा, त्याचा काटा मध्येच थरथरत राहायचा. आणि २.५ लिहिलं की बाळ ‘कमी वजनाचं’ ठरत नाही, पुढची लिहालिही वाचते. कुणाच्या मनात पाप नव्हतं.

पण २३५० ग्रॅमचं बाळ कागदावर अडीच किलोचं होऊन घरी गेलं, की त्याच्या वाट्याची काळजी मागे राहते. असं बाळ लवकर गार पडतं, दूध ओढताना दमतं, त्याची साखर उतरू शकते. कांगारू पद्धतीने उघड्या छातीशी कसं धरायचं, हे त्याच्या आईला कुणी शिकवत नाही. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईंच्या सहा गृहभेटी असतात, ३ऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत. त्या भेटींत या बाळाकडे जास्त बारकाईने पाहायला हवं, हे त्यांना कळायला मार्गच उरत नाही.

आम्ही डिजिटल काटा मागवला आणि वजन ग्रॅममध्येच लिहायचं ठरवलं. पुढच्या काही महिन्यांत कमी वजनाच्या बाळांचा आकडा वाढला. वरून विचारणा झाली, तुमच्याकडे एवढं बिघडलं काय म्हणून. बाळं होती तशीच होती, फक्त आता त्यांचं खरं वजन लिहिलं जात होतं. हे समजावून सांगायला मला दोन बैठका लागल्या. म्हणूनच वरिष्ठांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नोंद सुधारली की आकडा आधी वाईट दिसतो. त्या वेळी सिस्टरला फैलावर घेतलं, तर पुढच्या महिन्यात रकान्यात पुन्हा २.५ दिसू लागेल.

पार्टोग्राफचंही असंच. बाळंतपण उरकल्यावर एका पेनाने, एका बैठकीत भरलेला पार्टोग्राफ लगेच ओळखू येतो. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके १४०, गर्भपिशवीचं तोंड ठरल्या चालीने उघडत गेलेलं, रेघ सरळ. त्या कागदाचा त्या बाईला काडीचाही उपयोग झालेला नसतो. कळा चालू असताना भरला, तरच कुठे अडतंय आणि कधी पुढे पाठवायचं हे वेळेत दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइड या नव्या तक्त्यात तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून नोंद सुरू होते. त्यामुळे उगाच लवकर सुरू करून कागद भरत बसावं लागत नाही.

तिसरा रकाना रक्तस्रावाचा. तिथे बहुतेक वेळा ‘साधारण’ असा एकच शब्द असतो. साधारण म्हणजे किती? डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी पडतो, कापडात आणि गादीत मुरलेलं रक्त मोजलंच जात नाही. २०२३ साली ई-मोटिव्ह या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं त्यात होती. बाईखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजायचं, आणि जास्त दिसताच गर्भाशयाचं मालिश, औषधं, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं, अशी ती पद्धत होती. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, हे सारं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. औषधं जुनीच होती. रक्त मोजलं गेल्यामुळे ती वेळेवर दिली गेली.

तेव्हा महिन्यातून एकदा, चहाच्या वेळेत अर्धा तास, डॉक्टर आणि सिस्टर यांनी मिळून तीनच गोष्टी वाचाव्यात: वजन, बाळ झाल्यावर एका मिनिटाच्या आत रक्तस्राव रोखणारं १० युनिट ऑक्सिटोसिन दिलं का, आणि पहिल्या तासात बाळ छातीला लागलं का. आणि जो रकाना वर्षभर कुणीच वाचला नाही, तो बंद करा असं वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा. तो तुमचा हक्क आहे.

पत्नीचं पहिलं सिझर खासगी दवाखान्यात झालं. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत. नवे डॉक्टर जुने कागद मागतात, जुना दवाखाना टोलवाटोलवी करतो. कागद खरंच इतके लागतात का?
(इचलकरंजी)

हो, लागतात. पोटावरचा व्रण आडवा दिसतो, पण आत गर्भाशयावरचा छेद कसा घेतला, हे बाहेरून कळत नाही. तो खालच्या भागात आडवा असेल, तर बऱ्याच जणींना नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो. त्यात व्रण फाटण्याचा धोका साधारण २०० मध्ये १ इतका असतो, म्हणून तो प्रयत्न ऑपरेशनची आणि रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच करायचा. छेद वरच्या भागात उभा असेल, तर कळा सुरू होण्याची वाटच पाहायची नसते. शिवाय सिझर कशासाठी झालं, हेही हवं. बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल, तर ते कारण या वेळी असेलच असं नाही. पूर्ण तोंड उघडूनही बाळ अडलं होतं, तर विचार वेगळा करावा लागतो.

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. भरती रुग्णाचे कागद ३ वर्षं जपून ठेवायचं बंधनही त्यातच आहे. तोंडी विचारत बसू नका. पत्नीच्या सहीने लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि डिस्चार्ज कार्डासोबत ‘ऑपरेशन नोट’ हा शब्द स्पष्ट लिहा. मात्र हे आजच करा, कारण ३ वर्षं उलटली की कागद सापडेलच याची खात्री नाही.

प्रत्येक दवाखान्यात किती सिझर होतात, याची यादी पेपरात का छापत नाहीत? लोक आपोआप शहाणे होतील.
(निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ)

गुरुजी, हेतू चांगला आहे, पण नुसती टक्केवारी फसवेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. आता आपल्या सीपीआरचा, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा विचार करा. जिल्हाभरातून अडलेल्या, झटके आलेल्या, रक्तस्राव होणाऱ्या बायका तिथे येतात. त्यांची टक्केवारी जास्त असणारच. गल्लीतलं छोटं प्रसूतिगृह अवघड केस पुढे पाठवतं आणि यादीत आदर्श ठरतं.

याला चांगला उपाय आहे. रॉबसन नावाच्या डॉक्टरांनी २००१ साली बाळंतिणींचे १० गट मांडले आणि २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनाही तेच वापरायला सांगते. पहिलं बाळंतपण की नंतरचं, आधी सिझर झालंय का, बाळ एक की जुळं, डोकं खाली की पायाळू, ३७ आठवडे भरले का, कळा आपोआप आल्या की आणाव्या लागल्या, एवढ्यावर गट ठरतो. ही माहिती प्रत्येक केसपेपरवर असतेच. पहिलटकरीण, दिवस भरलेले, एकच बाळ, डोकं खाली, कळा आपोआप आलेल्या, अशा बायकांचा गट पहिला. दोन दवाखान्यांची तुलना या गटापुरती करा. इथे एकाकडे सिझर फारच जास्त असतील, तर प्रश्न विचारायला जागा आहे. आणि या गटातलं प्रत्येक टाळता आलेलं सिझर पुढच्या खेपेचंही एक सिझर वाचवतं, म्हणून माझं लक्ष आधी तिथे जातं.

कारखाना सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गरोदर बायकांची कार्डं गावाकडच्या पेटीत राहतात. पाळीची तारीख विचारली की ‘पंचमीनंतर’ म्हणतात. नोंद कशी करू?
(आशा सेविका, शिरोळ तालुका)

ताई, ‘पंचमीनंतर’ हीसुद्धा नोंदच आहे. कॅलेंडर काढा, नागपंचमीची तारीख पाहा, नंतर किती दिवसांनी ते विचारा आणि तारीख लिहून टाका. तिच्यात ९ महिने ७ दिवस मिळवले की अंदाजे प्रसूतीची तारीख येते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी झाली असेल तर तिची तारीख जास्त भरवशाची. गावाकडच्या आशाताईंना फोन करून १२ अंकी आरसीएच क्रमांक, म्हणजे गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, मागून घ्या. त्यावरून जुनी नोंद मिळते आणि ती बाई दोनदा नव्याने नोंदली जात नाही.

कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, पाणी, पाचट, धूर, त्यात कागद टिकत नाही. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि दोन्ही बाजूंचा फोटो नवऱ्याच्या आणि मुकादमाच्या फोनमध्ये ठेवा. वेळ कमी असेल तर रक्तगट, हिमोग्लोबिन, आधीचं सिझर आणि प्रसूतीची तारीख, एवढं चुकवू नका. बाईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन लागतं. गट माहीत नसला की ते तास असेच निघून जातात आणि धोका पुढच्या बाळाला पोहोचतो.

तुमचा तालुका कृष्णा-पंचगंगेचा. तिथल्या गरोदर बायकांचीही अशीच यादी गावनिहाय आणि तारखेनिहाय लावली, तर जुलै-ऑगस्टमध्ये कुणाचे दिवस भरतात ते जूनमध्येच दिसतं. ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्ही पाहिलाय. त्या बायकांना पाणी चढण्याआधीच उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवा, बोटीची वाट पाहायची वेळ येऊ देऊ नका.

जन्मनोंदींवरून मुलींचं प्रमाण कळतं, तर एखाद्या दवाखान्यात मुली कमी दिसल्या की कारवाई का होत नाही?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर)

कोल्हापूर जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ साली ८३९ मुली होत्या, २०११ साली ८६३. हे आकडे वाचताना मला आजही अस्वस्थ वाटतं. पण महिन्याला ४० बाळंतपणं होणाऱ्या ठिकाणी एखाद्या महिन्यात १६ मुली होणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. नेमकं पाहायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. जिथे पहिली मुलगी आहे, तिथे पुढच्या अपत्यांत मुलगेच मुलगे दिसत असतील आणि हे वर्षानुवर्षं चाललं असेल, तर शंका पक्की होते. गर्भलिंग निदान मात्र बहुधा दुसरीकडेच झालेलं असतं. म्हणून जन्मनोंद सोनोग्राफीच्या नोंदींशी जोडून तपासली पाहिजे.

माझं बाळ दिवस भरूनही मृत जन्मलं. आता रुग्णालय ‘आढावा’ घेणार म्हणतं. माझी चूक शोधणार आहेत का?
(नाव, गाव दिलेलं नाही)

बाई, नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आढाव्यात तुम्हाला आरोपी म्हणून बसवत नाहीत. तिथे बघायचं असतं की बाळाचे ठोके शेवटचे कधी ऐकले गेले, तुम्ही किती वाजता पोहोचलात, डॉक्टर किती वाजता आले, निर्णय झाल्यावर किती वेळ गेला. बाळाची त्वचा जन्मताना कशी होती, हेही लिहिलेलं असतं. त्वचा सोललेली असेल तर ठोके बरेच तास आधी थांबले होते. ती नेहमीसारखी असेल, तर बहुधा कळांच्या काळातच काही घडलं आणि प्रश्न आम्हा डॉक्टरांना विचारायचे आहेत. अशा बैठकीत आईचं नाव वाचत नाहीत, वाचायचं नसतं. नाव घेतलं गेल्याचं कळलं तर हरकत घ्या.

आढाव्यात काय निघालं, ते समजून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बाळाची हालचाल कमी वाटल्याचं तुम्ही कुणाला सांगितलं होतं का? कधी आणि कुणाला, ते आठवेल तसं कागदावर लिहून द्या. केसपेपरात ती ओळ बहुतेकदा नसते. डॉक्टरांना भेटायला जाताना आई किंवा बहीण, कुणीतरी सोबत न्या. आणि पुढच्या वेळी दिवस राहिले, तर हे कागद पहिल्याच भेटीत दाखवा. त्यावरून तपासण्या कधी आणि किती करायच्या, ते आधीच ठरवता येईल.