नौदलात व्हाइस ॲडमिरल होईपर्यंत अधिकारी नेमके काय करतो?

व्हाइस ॲडमिरल या पदापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतात आणि तेवढ्या वर्षांत त्या अधिकाऱ्याने प्रत्यक्षात काय केलेले असते, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन, कमोडोर, रिअर ॲडमिरल आणि मग व्हाइस ॲडमिरल, हा प्रवास साधारण पस्तीस वर्षांचा असतो. कमांडरपर्यंतची बढती बहुतांशी सेवेची वर्षे आणि परीक्षा यांवर मिळते. कॅप्टनपदापासून पुढे मात्र निवड मंडळ बसते, आणि तिथून प्रत्येक पायरीवर बरोबरीचे बरेच जण मागे राहतात.

दुसऱ्या भागाला असे ठोकळेबाज उत्तर नाही. मी काही वर्षे नौदलाच्या एक्झिक्युटिव्ह शाखेत, म्हणजे जहाजे चालवणाऱ्या आणि लढवणाऱ्या शाखेत, काढली असल्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: मोठ्या अधिकाऱ्याची कारकीर्द पदांच्या यादीवरून कळत नाही, त्याने समुद्रावर कोणत्या जबाबदाऱ्या पेलल्या आणि इतरांना समुद्रावर जाण्यासाठी काय उभे करून दिले, यावरून ती कळते. म्हणून मी एकाच माणसाविषयी लिहितो, ते म्हणजे व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी.

आवटींचा जन्म १९२७ सालचा. त्यांचे नौदलातील प्रशिक्षण इंग्लंडमधील डार्टमथ येथे झाले, कारण त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना घडवण्याची पुरेशी सोय तेव्हा आपल्याकडे नव्हती. पुढे त्यांनी एकामागून एक अनेक जहाजांची कमांड सांभाळली. जहाजाची कमांड म्हणजे काय, हे बाहेरून पटकन लक्षात येत नाही. समुद्रावर असताना कॅप्टन (इथे अर्थ जहाजाचा प्रमुख, मग त्याचा हुद्दा कोणताही असो) आपल्या मोठ्या केबिनमध्ये झोपत नाही, तर ब्रिजला, म्हणजे जिथून जहाज चालवले जाते त्या कक्षाला, लागून असलेल्या लहानशा खोलीत झोपतो. झोपण्यापूर्वी तो नाइट ऑर्डर बुकमध्ये रात्रीच्या सूचना लिहितो: वेग किती ठेवायचा, दिशा कधी बदलायची, दुसरे जहाज किती जवळ आले की आपल्याला उठवायचे. पहाऱ्यावर येणारा प्रत्येक अधिकारी त्या पानावर सही करतो. सही त्या अधिकाऱ्याची असली, तरी रात्री काहीही घडले तरी त्याचे उत्तर कॅप्टनलाच द्यावे लागते. ज्याने अशा रात्री वर्षानुवर्षे काढलेल्या नाहीत, त्याच्या हाती नौदल आपला ताफा देत नाही, आणि ते योग्यच आहे.

१९७१ च्या युद्धात आवटी आयएनएस कामोर्ता या जहाजावर होते आणि ३१ व्या गस्तीनौका पथकाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. कामोर्ता ही सोव्हिएत बनावटीची, पाणबुडीविरोधी कामासाठी बांधलेली लहान युद्धनौका होती. तिच्याच जातीच्या किल्तान आणि कच्छल या नौका ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्रनौकांना सोबत करत कराचीवर गेल्या, त्यामुळे त्यांची नावे लोकांना निदान ऐकून तरी माहीत असतात. पूर्वेकडच्या कामोर्ताविषयी मात्र फारसे बोलले जात नाही, याची मला खंत वाटते. पूर्व ताफ्याचा सगळा भार विक्रांत या विमानवाहू नौकेवर होता. तिच्या बॉयलरला (इंजिनासाठी वाफ तयार करणाऱ्या यंत्राला) तडे गेलेले असल्यामुळे तिला पूर्ण वेगाने धावता येत नव्हते, आणि तिच्याच शोधात निघालेली गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. दुसरी पाणबुडी नसेलच, असे गृहीत धरून चालणे त्या दिवसांत कोणालाही परवडणारे नव्हते. संथ विमानवाहू नौकेभोवती पाण्याखालचा कानोसा घेत राहायचे आणि त्याच वेळी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील (आजच्या बांगलादेशातील) चितगाव बंदराच्या बाजूच्या उथळ, पाणसुरुंगांच्या धोक्याच्या समुद्रात नाकेबंदी चालू ठेवायची, असे हे काम होते. आवटींना वीरचक्र मिळाले ते याच युद्धातील कामगिरीबद्दल. तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते.

त्यानंतरच्या नेमणुकांवर मी फार रेंगाळत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुख होते, आणि अखेरीस मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख म्हणून १९८३ मध्ये ते निवृत्त झाले. मात्र १९७८ मध्ये, सेवेत असतानाच, त्यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. आंग्र्यांच्या आरमाराचा वारसा सांगणाऱ्या किनाऱ्यावर समुद्राच्या इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था असावी, हे एका कार्यरत सेनाधिकाऱ्याने मनावर घेतले.

निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहायला गेले. समुद्रापासून इतक्या दूर बसून त्यांनी जे केले, ते मला त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत मोठा भाग वाटते. भारतीय माणसाने भारतातच बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी घेतला होता. लष्कराच्या अभियंता दलाने ‘तृष्णा’ या नौकेतून १९८५ ते १९८७ या काळात जगाला फेरी घातली होती, पण ती अनेकांनी मिळून केलेली मोहीम होती. एकट्याने हे कोणा भारतीयाने केले नव्हते. विशेष म्हणजे ज्या ‘सुहेली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जगातील पहिली प्रदक्षिणा पूर्ण केली, ती सागवानी नौका मुंबईतच बांधलेली होती. ज्या देशाला अशी नौका बांधता येते, त्याला खलाशीही देता आला पाहिजे, हे कोणालाही पटेल. पण त्यासाठी खटपट करायला कोणीतरी लागते. निवृत्त ॲडमिरलच्या हाती हुकूम देण्याचा अधिकार उरलेला नसतो. त्याला पटवून द्यावे लागते, पाठपुरावा करावा लागतो, आणि तरुण अधिकाऱ्यांतून तयारीचा माणूस हेरावा लागतो.

असा माणूस कमांडर दिलीप दोंदे यांच्या रूपाने २००६ मध्ये पुढे आला. नौका गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत तयार झाली. छप्पन्न फुटांची, खोल महासागरात जाणारी शिडाची नौका त्या गोदीने पूर्वी कधीच बांधली नव्हती. मांडवी नदीच्या जुन्या नावावरून तिला ‘म्हादेई’ म्हटले गेले. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

आता आपल्या प्रश्नाकडे परत येतो. पस्तीस वर्षांत काय होते, तर सुरुवातीची पंधरा-वीस वर्षे अधिकारी जहाज चालवायला आणि माणसे सांभाळायला शिकतो, मधल्या काळात स्वतःचे जहाज सांभाळतो, आणि शेवटच्या काही वर्षांत दिल्ली, मुंबई, विशाखापट्टणम किंवा कोची येथील मुख्यालयांत बसून इतरांच्या जहाजांविषयी निर्णय घेतो. या शेवटच्या टप्प्यात पुष्कळ चांगले अधिकारी फायलींत अडकून पडतात, कारण तिथे समुद्र खिडकीतूनच दिसतो. आवटींचा समुद्राशी असलेला संबंध तिथे तुटला नाही आणि निवृत्तीनंतरही तुटला नाही. ‘तारिणी’ या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी गोव्याला परतल्या, तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये विंचुर्णी येथे त्यांचे निधन झाले.