‘इतकी वर्षं खेळतोय, पण नाव काही झालं नाही’

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता लिहूनच टाकते. कुणी वर्षानुवर्षं पेटीच्या क्लासला जातंय आणि अजून भूपच चालू आहे, कुणाच्या कविता दिवाळी अंकवाले दरवर्षी न चुकता साभार परत पाठवतात, कुणी रांगोळी स्पर्धेत कायम उत्तेजनार्थसुद्धा नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, मॅडम एवढा वेळ घातला, हातात काय आलं, सोडून देऊ का?

सुरेशभाऊंचं उदाहरण देते. नाव बदललंय, खातं सांगत नाही, आणि दोन-तीन जणांच्या गोष्टी एकत्र केल्यात, त्यामुळे जळगावकरांनी उगाच अंदाज लावत बसू नका. वय पन्नाशीचं, लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलं आणि तिथेच हॉकीचं वेड लागलं. झोप येत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. कारण काय, तर २९ ऑगस्टला ध्यानचंदांच्या जयंतीला, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिनाला, ऑफिसात जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरला आणि यांना एक फॉर्म दिला. स्पर्धा, वर्ष, पदक. तीन रकाने.

"२८ वर्षं दर रविवारी खेळतोय मॅडम, आणि लिहायला एक ओळ नाही."

मी म्हटलं सांगा तरी. आणि मग जे ऐकलं ते ऐकताना हसू दाबणं मला खरंच जड गेलं. भाऊ डावखुरे. आणि हॉकीत डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिकच नसते, सपाट बाजू एकच, गोल बाजूने बॉल मारला की फाऊल, म्हणजे सुरुवातच उलट्या हाताने. राइट आउटवरून, म्हणजे पुढच्या फळीतून, त्यांना मागे हाफमध्ये आणलं, हाफमधून फुल बॅक, मग गोलकीपर आला नाही त्या दिवशी पॅड बांधून उभं केलं, तेव्हा नऊ गोल खाल्ले. आयुष्यातला सगळ्यात भारी फटका एकदाच बसला, मुरमाच्या ग्राउंडवर बॉल एकदाही उसळला नाही, सरळ जाळ्यात. पण मारला होता डी-च्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेरून आणि मध्ये कुणाचीच स्टिक लागली नाही, त्यामुळे गोल धरला नाही.

"समोरच्या फुल बॅकच्या स्टिकला नुसता लागला असता तरी?"

"तरी नाही! डी-च्या आत आपल्याच माणसाने टच करायला पाहिजे. आणि आत आपला माणूस होता ना मॅडम, पण माझा फटका बघून तो बाजूला झाला."

पुढच्या वेळी वहिनींना बोलावलं. त्या एकदम स्पष्ट. "हे सकाळी सहाला जातात, मे महिन्यात पण. नऊला भाजून येतात आणि जेवताना म्हणतात मी आयुष्यात काय केलं. जायचं तर जा ना, पण येऊन रडू नका." अर्धं समुपदेशन त्यांनीच केलं, फी मात्र मी घेतली.

आता इथे एक सोपा रस्ता असतो आणि बहुतेक लोक तोच घेतात. भाऊंनीही घेतला. शनिवारी रात्री सगळ्यांना फोन कोण करतं? भाऊ. चुन्याने डी कोण आखतं? भाऊ. गोलकीपरचे घामट पॅड कुणाच्या घरी असतात? भाऊंच्या, गच्चीवर. म्हणाले, "म्हणजे मॅडम, मी खेळाडू म्हणून नाही पण संघटक म्हणून मोठा ना?"

डोळ्यांत चमक आली होती. हो म्हटलं असतं तर खूश होऊन घरी गेले असते. पण मी विचारलं, "आणि उद्या कुणी पोरगा तुमच्यापेक्षा चांगलं हे सगळं करायला लागला तर?"

गप्प. बराच वेळ.

मला या कामातून जे काही कळलंय त्यातलं हे एक मी महत्त्वाचं मानते. निराश माणूस बऱ्याचदा दुसरं पदक मागायला येतो. हे नाही मिळालं तर ते द्या. आणि आपणही दयाळूपणे देऊन टाकतो, आई पोराला म्हणते अरे तू अभ्यासात नाही पण मनाने किती चांगला! पण मोजपट्टी तीच राहते, फक्त रकाना बदलतो.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मानते, हे माझ्याकडे येणाऱ्यांना माहीत असतं. हा माणूस १९ वर्षांचा असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा, म्हणून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन बाकावर दिसेल तिच्याशी बोलायला लागला. शंभरावर बायका. त्यातली भेटायला तयार झाली एक, आणि ती पण आली नाही. पण भीती गेली, असं ते स्वतः सांगायचे. भाऊंना हे सांगितलं तर जोरात म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखाच रेकॉर्ड की भो!" मग एकदम सॉरी मॅडम.

म्हटलं, सॉरी कशाला, आता तुमचा रेकॉर्ड सांगा, एका वाक्यात, गंमत न करता आणि कारण न देता. डावा हात नाही, मुरूम नाही, अंपायर नाही.

दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा 'तसं बघितलं तर' आलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "मी हॉकी वाईट खेळतो."

मी काहीच बोलले नाही. तेच पुढे म्हणाले, "आणि रविवारी जाणारे."

एवढंच. पण त्या माणसाचे खांदे खाली आले ते मी पाहिलं, आणि असे क्षण मला फार वेळा मिळत नाहीत, म्हणून जरा मिरवते.

तुम्हीही हे करून बघा. आपल्याला काय जमत नाही ते एका माणसाला, त्यावर गंमत न करता, सफाई न देता सांगा. लाज वाटेल, वाटू द्या, तेवढ्याने कुणी मरत नाही. मग स्वतःला विचारा, कुणीच बघणार नसेल तरी जाईन का? उत्तर हो असेल तर जा. नसेल तर खुशाल सोडा, सोडण्यातही काही कमीपणा नाही. मात्र घरातले पैसे आटत असतील, घरच्यांची कामं त्यापायी अडत असतील किंवा शरीर नको म्हणत असेल, तर ते वेगळं, तिथे आवडीचं कारण पुढे करू नका. वहिनींशी तसं ठरलंच, येताना भाजी आणायची आणि जेवताना आयुष्याचा हिशोब काढायचा नाही.

फॉर्म त्यांनी भरला. स्पर्धा: नाही. वर्ष: २८. पदक: नाही. क्लार्कने विचारलं साहेब हे काय, तर म्हणाले बरोबर आहे, घ्या. सत्कार झाला, नारळ आणि शाल मिळाली. गुडघा मात्र दुखतोय म्हणून ऑर्थोला दाखवा असं सांगितलं होतं, ते काही अजून दाखवलेलं नाही, आणि त्यावर माझ्याकडे सध्या तरी उपाय नाही.