आजोबांच्या ट्रंकेतली हँडबिलं: लॅमिनेशन नको, आधी वर्ष शोधूया

कुडाळच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत नाटकांची हँडबिलं आणि तिकिटं मिळाली, लॅमिनेट करून वर्षवार लावू का असं विचारलंत. लॅमिनेशन अजिबात नको हो! मी पंधरा-वीस करून बसलोय, आता ती ना सुटत ना धड दिसत, दोन पावसाळ्यांत कडेनं दमट हवा शिरली आणि आत बुरशी. सेलोटेप नको, रबरबँड नको, टाचण्या गंजल्यात त्या हळूच काढा. चिकटलेले कागद ओढू नका, आणि पाणी तर लावूच नका, ते गुलाबी-पिवळे कागद लगेच रंग सोडतात. आंबा काढायच्या दिवसात, कोरड्या हवेत, पंख्याशिवाय सावलीत पसरा, ऊन नको. नंतर अॅसिड-फ्री कागदात आडवे ठेवून डब्यात सिलिका जेल. वाळवीसाठी ट्रंक जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब. झालं.

खरी मजा वर्ष शोधण्यात आहे कारण हँडबिलावर वार-तारीख असते आणि वर्ष बहुतेकदा नसतंच, त्या लोकांना वाटलंच नसेल कोणी पन्नास वर्षांनी वाचेल म्हणून. माझ्याकडे कुडाळचं एक आहे, "शनिवार ता. 14 मे", तिकीट आठ आणे, आणि खाली "जि. रत्नागिरी". आता कुडाळ होतं सावंतवाडी संस्थानात, संस्थान 1948 ला विलीन झालं, म्हणजे त्याच्या आधीचं नाही. आणे म्हणजे बहुतेक एप्रिल 1957 च्या आधी, तेव्हा नये पैसे आले. मधल्या काळात 14 मेला शनिवार फक्त 1949 आणि 1955 ला. 1960 लाही येतो पण तेव्हा आणे छापणं अवघडच, बोलण्यात मात्र आणे बरीच वर्षं होते. मग मी वहीत "1949 किंवा 1955" असंच लिहिलंय, एकच ठोकून द्यायचं नाही, आणि कशावरून ते बाजूला. तिथी असेल तर जुन्या पंचांगाशी ताडून बघा, कधीकधी त्यानं निकाल लागतो.

अजून खुणा: छापखान्याच्या पत्त्यात पिनकोड असेल तर 1972 नंतरचं. "जि. सिंधुदुर्ग" असेल तर 1981 नंतरचं. शके दिलं असेल तर इसवी सनासाठी त्यात 78 मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याआधीची तारीख असेल तर 79.

नोंद करताना प्रत्येकाला नंबर, मागं कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं. माप, रंग, छापखाना, तिकीटदर, पात्रांची नावं, स्त्रीभूमिका कोणी केली तेही. स्कॅन 600 डीपीआय, मागची बाजू पण! माझ्या एका हँडबिलाच्या मागं रॉकेल, पेट्रोमॅक्सची मेंटल आणि पेटीवाल्याचे पैसे असा हिशेब आहे, पुढच्या छापील मजकुरापेक्षा तोच मला जास्त आवडतो.

आणि एक सांगू, मुंबईच्या नामांकित कंपन्यांची हँडबिलं बऱ्याच जणांनी जपलीयत. मे महिन्यात चाकरमानी येऊन देवळासमोर मांडव घालून जी नाटकं करायचे त्यांची फारशी कोणी ठेवली नाहीत. ट्रंकेत तसली असतील तर ती आधी स्कॅन करा. आणि ट्रंकेत कुठला कागद कशाच्या खाली होता त्याचे फोटो काढलेत ना? नसतील तर आजच काढा, अजून सगळं उपसलं नसेल तर.